एकटीचा प्रवास आणि बोटीचं वेळापत्रक

(मंचाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मसुदा)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'एकटीने केलेली बेटांची सफर'. परत आल्यापासून या सफरीवर मी दोनच प्रतिक्रिया ऐकते आहे. अर्धे लोक म्हणतात, "अगं, केवढं धाडस!" उरलेले आवाज खाली आणून विचारतात, "घरी सगळं ठीक आहे ना?" घरी सगळं उत्तम आहे. नवऱ्याला धक्क्यावर उभं राहूनच बोट लागते आणि मुलाची परीक्षा होती, म्हणून मी एकटी गेले. राहिला प्रश्न धाडसाचा. आज त्याबद्दलच बोलणार आहे, कारण माझ्या मते ते श्रेय माझं नाहीच.

आधी थोडा भूगोल. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. दक्षिणेच्या टोकाकडे बॅरा, उत्तरेला लुईस. मे महिन्यात दहा दिवसांत मी ती दक्षिणेकडून उत्तरेकडे पार केली. पाठीवर एक सॅक, गाडी नाही. ओबनहून बॅराच्या कासलबे बंदरापर्यंत बोटीला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. बॅराहून एरिस्के चाळीस मिनिटं. तिथून पुढे साउथ उइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ उइस्ट आणि बर्नरे ही बेटं समुद्रात भर घालून बांधलेल्या रस्त्यांनी जोडलेली आहेत. एरिस्केचा असा रस्ता २००१ साली झाला. त्यांवरून स्थानिक बस धावते. बर्नरे ते हॅरिसवरचं लेव्हरबर्ग हा तासाभराचा प्रवास, पण बोट खडकांमधून इतकी वळणं घेत जाते की कॅप्टनला मनातल्या मनात नमस्कार करावा. हॅरिस आणि लुईस ही नावं दोन असली तरी भूभाग एकच. शेवटी लुईसच्या स्टोर्नोवेहून अलापूलला, म्हणजे मुख्य भूमीवर, पावणेतीन तासांत परत. एवढ्या सगळ्या प्रवासाला बोटी लागल्या फक्त चार.

आता सांगा, यात धाडस कुठे आहे? वेळापत्रक छापलेलं होतं. तिकिटाचा दर ठरलेला होता. धक्क्यावर उजेड होता, बसायला खोली होती, स्वच्छ स्वच्छतागृह होतं. बोटीवर शंभर माणसं होती आणि "तुमच्याबरोबर कोण आहे?" असं त्यांतल्या एकानेही विचारलं नाही. बोट धक्क्याला लागली की बस मिळेल अशा बेताने मी मुक्काम ठरवले होते. आपण ज्याला एकटीचा प्रवास म्हणतो, तो असा शेकडो माणसांच्या कामावर उभा असतो. ती यंत्रणा नसती तर माझ्या धाडसाला ओबनच्या धक्क्यावरच रात्र काढावी लागली असती.

कासलबेच्या बोटीवर माझ्या शेजारी साठीच्या एक बाई बसल्या होत्या. ग्लासगोच्या इस्पितळात डोळ्यांची तपासणी करून घरी निघाल्या होत्या. पायाशी दोन पिशव्या, त्यांत नातवाचे बूट. मी उत्साहाने खिडकीतून डॉल्फिन शोधत होते. त्या हसून म्हणाल्या, "तुमची ही सहल आहे, माझी ही बस आहे." सफरीभर हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी या बोटी नाहीतच. आपण त्यांच्या बसमध्ये बसलेले असतो.

ही सेवा चालवणारी कॅलेडोनियन मॅकब्रेन ही कंपनी स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे. दर ठरवताना एक तत्त्व वापरलं जातं, त्याचं नाव 'रोड इक्विव्हॅलंट टॅरिफ'. म्हणजे तेवढंच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च आला असता, त्याच्याशी बोटीचं भाडं जोडायचं. समुद्र आडवा आला हा बेटावर राहणाऱ्याचा गुन्हा नाही, हा त्यामागचा विचार. २००८ साली काही मार्गांवर हा प्रयोग सुरू झाला आणि २०१५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे पोचला. त्याची दुसरी बाजूही आहे. भाडं कमी झाल्यावर पर्यटकांच्या गाड्या वाढल्या, आणि उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला आपल्या गाडीसाठी बोटीत जागा मिळेना.

वेळापत्रक हा राजकीय दस्तऐवज असतो, हे मला स्टोर्नोवेला उमगलं. लुईस हे कडव्या प्रॉटेस्टंट परंपरेचं बेट. रविवार देवाचा, म्हणून तिथून रविवारची नियमित बोट नव्हती. ती जुलै २००९ मध्ये सुरू झाली. श्रद्धेच्या कारणाने सेवा नाकारणं समानतेच्या कायद्यात बसणार नाही, असा कंपनीला सल्ला मिळाला होता. पहिल्या रविवारी धक्क्यावर काही जण विरोधात प्रार्थना करत होते आणि कितीतरी जास्त माणसं टाळ्या वाजवत होती. आजही तिथे रविवारी बरंच काही बंद असतं. ज्याला चर्चला जायचं तो जातो, ज्याला बोटीने जायचं तो बोटीने जातो.

मी धातूंच्या गंजण्यावर संशोधन करते, त्यामुळे बोटीवर चढले की माझी नजर आधी रेलिंगच्या सांध्यांकडे जाते. गंज एका रात्रीत येत नाही. 'यंदा नको, पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत टाळलेल्या प्रत्येक खर्चातून तो येतो. तिथल्या अनेक बोटी तिशीच्या आसपास आहेत. २०१५ साली दोन नव्या बोटींची मागणी नोंदवली गेली. त्यातली पहिली, 'ग्लेन सॅनॉक्स', २०२५ च्या जानेवारीत सेवेत आली, आणि खर्च मूळ कराराच्या कित्येक पट झाला. दरम्यान जून २०२३ मध्ये साउथ उइस्टची मुख्य बोट जवळजवळ महिनाभर रद्द झाली, तेव्हा शेकडो रहिवासी आपापल्या गाड्या घेऊन लॉकबॉइस्डेलच्या धक्क्यावर निषेधाला जमले. ज्या बेटाची वस्ती दोन हजारांच्या आत आहे तिथे हा आकडा किती मोठा, याचा विचार करा. सरकारी मालकी म्हणजे आपोआप चांगली सेवा, असं म्हणायचा माझा हेतू नाही. पण सेवा सार्वजनिक असली की जाब विचारायला निदान एक दार असतं.

आपल्यातल्या कोकणच्या मंडळींना हे नवीन नाही. भाऊच्या धक्क्यावरून बंदरं घेत घेत जाणारी बोट त्यांच्या घरातल्या मोठ्यांच्या आठवणीत आहे. ती बंद पडून काही दशकं झाली. आज तिथे बाईला एकटीने बाहेर पडायचं तर आधार आहे तो एसटीचा. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. माझी एक मावसबहीण चिपळूणजवळ राहते. त्या वर्षी पन्नाशीत ती पहिल्यांदा एकटी कोल्हापूरला मैत्रिणीकडे गेली. तिने मला फोन करून काय सांगावं? "पैसे मागावे लागले नाहीत गं कोणाकडे." माझ्या दहा दिवसांच्या सफरीपेक्षा तिचा हा एक दिवस मोठा आहे, आणि तिला कोणी धाडसी म्हटलं नाही.

आपण इथे स्थिरावलो, दारात दोन दोन गाड्या आल्या. बसमार्ग बंद होतो तेव्हा आपल्याला कळतही नाही. कळतं ते आपल्या घरी काम करायला येणाऱ्या बाईला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, गाडी चालवणं सोडलेल्या शेजारच्या आजोबांना. स्त्रीस्वातंत्र्यावर आपण इथे अनेकदा चर्चा केली, पुढेही करू. पण पुढच्या वेळी कौन्सिलचं 'बसमार्गांबद्दल आपलं मत कळवा' असं पत्र आलं, तर ते रद्दीत टाकू नका. दहा मिनिटं काढून उत्तर लिहा.

आणि कोणा मैत्रिणीला एकटीने जायचं असेल, तर बोटींचं वेळापत्रक कसं वाचायचं ते मी चहाच्या वेळी दाखवीन. जरा किचकट असतं, पण येतं.