एका अक्षराचे तीन तुकडे

गणकयंत्रानें छापलेल्या कागदावर आपलें मराठी नांव जवळजवळ पुरें उमटावें आणि शेवटीं मात्र काळ्या चौकटींतलें एक प्रश्नचिन्ह बसलेलें असावें, हा प्रकार आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. कारकून अशा वेळीं "यंत्राची चूक" म्हणून मोकळा होतो. यंत्र बिचारें सांगितलें तेवढेंच करतें. तें काय करतें, हें आज सांगावयाचें योजिलें आहे.

यंत्रास दोनच अंक ठाऊक, शून्य व एक. अशा एका अंकास बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटास बाइट. इंग्रजीचें एक अक्षर एका बाइटांत मावतें. जगांतील सर्व लिपींना मिळून क्रमांक देतांना आपल्या 'अ'च्या वांट्यास २३०९ हा क्रमांक आला, आणि एका बाइटांत तर २५५ च्या पलीकडील संख्या बसत नाहीं. यावर १९९२ सालीं केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं जी तोड काढली, ती यूटीएफ-८ या नांवानें आज रूढ आहे.

तिची रीत 'सी' भाषेंत पाहूं. डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास ही भाषा घडविली. बिटांची माळ उजवीकडे सरकविणें, दोन माळा एकमेकींवर ठेवून दोहोंत जेथें एक असेल तेथेंच एक राखणें, किंवा दोहोंपैकीं कोठेंही असलेला एक घेणें, या क्रिया तींत एकेका खुणेनें होतात. 'अ'ची माळ सोळा बिटांची: ००००१००१०००००१०१. डावीकडून चार, सहा व सहा असे तिचे भाग पाडावयाचे. शेवटचा भाग हवा असल्यास तिजवर ६३ ची माळ ठेवावी, म्हणजे उजवीकडचे सहा बिट तेवढे उरतात. त्यांचे होतात ५. मधला हवा असल्यास सारी माळ आधीं सहा घरें सरकवावी आणि मग तेंच करावें, मिळतात ३६. पहिल्या भागांत येथें शून्यच आहे. मग पहिल्यास २२४ चें व इतर दोघांस १२८ चें शिरोभूषण चढवावयाचें. झाले २२४, १६४, १३३. काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही प्रत्येकीं असेच तीन बाइट लागतात.

आतां 'शारदा' हें नांव घ्या. श, काना, र, द, काना मिळून पंधरा बाइट. आज्ञावली लिहिणारानें पंधरा घरें राखलीं; परंतु सी भाषेचा दंडक असा कीं, शब्द संपला हें कळण्यासाठीं अखेरीस एक शून्य ठेवावें लागतें. उरलीं चौदा. शेवटच्या कान्याचे दोनच तुकडे आंत राहिले, आणि तेंच तें प्रश्नचिन्ह. इंग्रजींत हेंच नांव शून्यासुद्धां आठ घरांत बसतें, म्हणून इंग्रजी नांवांवरच आज्ञावली तपासणाराच्या ध्यानांत ही उणीव येतच नाहीं.

मधल्या व शेवटच्या तुकड्यांच्या डोक्यावर नेहमीं एक-शून्य ही जोडी असते. म्हणून कात्रीबाहेर राहणाऱ्या पहिल्या बाइटावर १९२ ची माळ ठेवावी. उत्तर १२८ आलें, तर कात्री अक्षराच्या पोटांत शिरली आहे. एक पाऊल मागें येऊन पुन्हां पाहावें. येथें एक मेख आहे. सी भाषा बरोबरीची तुलना आधीं करते व माळांचा मेळ मागून घालते. मेळाभोंवतीं कंस घातला नाहीं, तर १९२ आणि १२८ यांचीच तुलना होते आणि तपासणीचें उत्तर सदैव "नाहीं" असें येतें. आज्ञावली चालते मात्र निमूटपणें!

ही काळजी घेतली कीं प्रश्नचिन्ह जातें. पण शारदेची 'शारद' होते. बिटांच्या हिशेबानें तें निर्दोष आहे. एका मुलीचें नांव बदललें, हें कोणत्याही बिटावरून कळावयाचें नाहीं. म्हणून नीट कापावें कसें, हें शिकविण्यापूर्वीं पुरेशीं घरें राखावयास शिकवावें, असें माझें मत आहे. अक्षरें, स्वरचिन्हें, अनुस्वार व जोडाक्षरांत लपलेले हलन्त सारे मोजावे, त्यांची तिप्पट करावी, वर एक घर शून्यास द्यावें. 'लक्ष्मी' हें कागदावर दोन अक्षरांचें नांव. त्यास २२ घरें लागतात.