घरातली हवा, चाळीतली हवा

उन्हाळ कांद्याची आवक भरात असली, की लासलगावात सकाळपासून ट्रॅक्टर आणि पिकअपची रांग लागते. १९४७ साली सुरू झालेल्या इथल्या बाजार समितीचं नाव कांद्यानं देशोदेशी नेलं. पण कांद्याबरोबर शेतातली माती येते, सुटलेले पापुद्रे येतात, चाकांनी उडवलेला फुफाटा आणि डिझेलचा धूर येतो. खळ्यांवर दिवसभर निवड आणि गोण्या भरणं चालतं. संध्याकाळपर्यंत घरातल्या कपाटावर, टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवर करडा थर बसलेला असतो. इथल्या बायाबापड्या दोन-दोन वेळा केर काढतात, तरी बोट फिरवलं की धूळ लागतेच. त्यांच्या कष्टांत काही कमी नाही. पण घर स्वच्छ दिसणं आणि घरातली हवा स्वच्छ असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे आपलं लक्ष फार कमी जातं.

धुळीचे कण सारखे नसतात. दहा मायक्रॉनचा कण माणसाच्या छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला, हवा स्थिर असेल तर, आठ-दहा मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला दोन तास लागतात आणि एक मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे कण केवढे ते समजेल. मोठा कण नाकात अडकतो, शिंकेबरोबर बाहेर पडतो. बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. कोरड्या केरसुणीनं जोरात झाडलं, की मोठा कचरा सुपलीत येतो आणि बारीक धूळ हवेत चढते. मग त्याच हवेत लेकरं जेवायला बसतात.

म्हणून आधी ओलं फडकं, मग केरसुणी. पंख्याची पाती आणि कपाटाचा माथा ओल्या फडक्यानं पुसून घ्या, नंतर खाली या. झाडायचंच असेल तर हलकं पाणी शिंपडून, दार उघडं ठेवून. अंगणात सडा घालायची जुनी रीत धुळीला जमिनीवरच धरून ठेवते. ती मोडू नका. उंबऱ्याबाहेर एक आणि आत एक, अशी दोन पायपुसणी ठेवा आणि ती आठवड्याला धुवा. गाद्या, गोधड्या, उशा कडक उन्हात टाका. अंथरुणातल्या ओलीवर डोळ्यांना न दिसणारे किडे पोसतात आणि दम्याच्या मुलांना त्यांचा फार त्रास होतो.

कांद्याच्या पापुद्र्यावर जी काळी भुकटी दिसते, जिला आपण काजळी म्हणतो, ती बुरशी आहे. हात लावला की तिचे बीजकण उडतात. तेव्हा कांद्याची निवड घरात, झोपायच्या खोलीत करू नका. पडवीत किंवा अंगणात करा. खळ्यावरून आलेल्या आईनं आधी हातपाय धुवावेत, लुगडं बदलावं आणि मग बाळाला घ्यावं. तोंडाला बांधलेला रुमाल जाड धूळ अडवतो, बारीक नाही. खळेमालकांनी कामावरच्या बायकांना चांगले मास्क द्यायला हवेत. हा खर्च बायकांच्या मजुरीतून निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथवर बाहेरून येणाऱ्या धुळीचं झालं. त्याहून घातक ते आपण घरातच पेटवतो. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस पुष्कळ घरांत पोचला. तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं आणि ती चूल पेटवायला प्लॅस्टिकचा कागद, फाटक्या जाळीच्या गोणीचा तुकडा वापरला जातो. हे कृपा करून थांबवा. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो आणि चुलीसमोर वाकलेल्या बाईच्या श्वासात तो सर्वांत आधी जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली.

डासांच्या कॉइलचंही तेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरले होते. ज्या घरात कोणी विडीला शिवत नाही, तिथेही दारं बंद करून रात्रभर कॉइल जळते. मच्छरदाणी लावा. कॉइल लावणं भागच असेल, तर ती झोपायच्या बंद खोलीत नको.

धूर कमी करायचा, तसाच उरलेला बाहेरही जायला हवा. आपल्या निफाड तालुक्यात कांदाचाळ कशी बांधतात ते इथल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्वपश्चिम. तळ जमिनीपासून उचललेला, खालून वारा शिरायला मोकळी जागा, दोन्ही अंगांना फटी, आतली गरम हवा निघून जाईल असं छप्पर. एप्रिल-मेमध्ये भरलेला कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा, तर त्याला हवा मिळालीच पाहिजे, हे आपण जाणतो. मग त्याच शेतकऱ्याच्या घरातला स्वयंपाक कोंदट कोपऱ्यात का? एकच खिडकी, तिच्यासमोर फ्रीज किंवा डब्यांची मांडणी, आणि फोडणीचा खाट घरभर. घर बांधताना किंवा दुरुस्तीला काढताना स्वयंपाकघराला समोरासमोर दोन झरोके ठेवा. शेगडीच्या वर, छताजवळ, हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. चूल असेल तर तिला धुराडं हवंच, आणि ते छपराच्या वर निघालेलं हवं. घरातल्या सगळ्या सुधारणांत धूर बाहेर काढणाऱ्या या सोयीला मी पहिला मान देईन. हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र ज्याला परवडेल त्यानं घ्यावं, पण चूल आत धुमसत असताना त्याचा उपयोग थोडाच. कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात हेही फार वाढवून सांगितलं जातं. झाडं शोभेसाठी जरूर लावा.

खिडक्या कधी उघडायच्या? बाजाररस्त्यावरच्या घरांनी लिलावाच्या वेळात पुढची बंद, मागची उघडी ठेवावी. निफाडचा पारा थंडीत राज्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या आपण ऐकतो. अशा पहाटे थंड हवा जमिनीलगत दाबून बसते आणि शेकोटीचा, चुलींचा धूर गावावरच तरंगत राहतो. तेव्हा ऊन वर आल्यावर घर उघडावं. शेकोटी दारात नको आणि घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत तर कधीच झोपू नका. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

आणि एक. खळ्यावर किंवा चुलीशी आयुष्य काढलेल्या बायका खोकला ‘धुळीचा’ म्हणून अंगावर काढतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते. चढावर किंवा घागर उचलताना धाप लागत असेल, तर फुप्फुसांची फुंकून करायची तपासणी करा असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आयुष्यात विडी ओढली नाही म्हणून ही तपासणी टाळू नका.