मुलींची तालीम

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यातील व्याख्यान)



'तालीम' हा मूळ अरबी शब्द. आपल्या घरांत तालीम म्हणजे शिक्षण. गावात मात्र तालीम म्हणजे जोर-बैठका काढण्याची जागा, वस्तादाचा आखाडा. शब्द एकच, पण मराठीत त्याला हा दुसरा अर्थ येऊन मिळाला. पहिल्या अर्थाची तालीम मुलींना मिळावी म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ खस्ता खाल्ल्या. आज मला दुसऱ्या अर्थाच्या तालमीविषयी बोलायचे आहे. शरीरात ताकद यावी म्हणून मुलीने किंवा स्त्रीने कोणता व्यायाम निवडावा, आणि तो कसा पारखावा, एवढाच आजचा विषय आहे.

"बाईमाणसाने वजन उचलावे का?" असा प्रश्न प्रथम विचारला जातो. आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहिले तर या प्रश्नाचे हसू येते. बाईमाणूस वजन उचलतेच आहे! तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आपल्या शहापूर तालुक्यातच आहेत. तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पंधरा लिटरचा हंडा भरला की पाण्याचेच वजन १५ किलो होते, हंड्याचे वेगळे. त्यावर एक कळशी चढली की आणखी आठ-दहा किलो. शिवाय लाकडाची मोळी, भाताचे भारे, कडेवरचे मूल. घरातला भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो, आणि तो सरकवण्यासाठी कोणी पुरुषाची वाट पाहत नाही.

मग एवढे वजन उचलणारी आपली आई चाळिशीतच गुडघे धरून का बसते? कंबरेला पट्टा का बांधते? या प्रश्नात आजच्या विषयाचे सार आहे. काबाडकष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात ओझे किती घ्यायचे हे गरज ठरवते. व्यायामात ते आपली ताकद पाहून ठरते. कष्टात ओझे एकाच अंगावर, एकाच पद्धतीने येत राहते. व्यायामात ते सर्व अंगांत वाटले जाते. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे विश्रांती. स्नायूला बेताचा ताण दिला, पुरेसे अन्न दिले आणि एक-दोन दिवस सवड दिली, की तो पूर्वीपेक्षा बळकट होतो. सवड आणि अन्न न देता रोज ताणच दिला, तर शरीर झिजते. म्हणून "आमच्या घरच्या बाया काम करतात, त्यांना व्यायाम कशाला?" असे म्हणणे बरोबर नाही.

दुसरीकडे, शहापूर-आसनगाव किंवा मुरबाड शहरातील आपली कुटुंबे पाहा. जाते गेले, उखळ-मुसळ गेले, विहीर गेली. ही सोय झाली, त्याचा आनंदच आहे. परंतु त्या कामांबरोबर अंगमेहनतही गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. मुलगी आसनगावहून लोकलने किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणला कॉलेजला जाते, दिवसभर बसते, घरी येऊन पुन्हा बसते. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि पाळी थांबल्यावर स्त्रीची हाडे वेगाने ठिसूळ होतात. तरुणपणी जी हाडे-स्नायू कमावले, तीच पुढची पुंजी. मधुमेहातही स्नायू उपयोगी पडतात, कारण रक्तातील साखरेचा मोठा वाटा वापरणारे तेच आहेत.

काही गैरसमज येथेच दूर करतो. वजन उचलल्याने मुलगी पुरुषासारखी दिसू लागते, ही भीती निराधार आहे. पुरुषाचे स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन स्त्रीच्या शरीरात फारच थोडे असते. योग्य देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. पाळीच्या दिवसांत त्रास होत नसेल तर व्यायाम बंद ठेवण्याचे कारण नाही. होत असेल तर खुशाल विश्रांती घ्यावी. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर मात्र डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावे.

आता आपल्याच राज्यातील उदाहरणे पाहा. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळ हे लोकलच्या मार्गावरचे, सह्याद्रीच्या कुशीतले, आपल्या शहापूरसारखेच गाव. तेथील हर्षदा गरुड हिने मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. तिने ७० आणि ८३ असे एकूण १५३ किलो वजन उचलले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. पुढच्याच महिन्यात पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत सांगलीच्या काजल सरगरने ४० किलो गटात सुवर्ण मिळवले. तिचे वडील सांगलीत टपरी चालवतात. या मुली श्रीमंतांच्या घरच्या नव्हेत. त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा क्रमवार सराव आणि घरच्यांचा होकार होता.

आपल्या समाजातील उदाहरण हवे असेल तर निजामाबादची निखत झरीन आहे. २०२२ मध्ये इस्तंबूल येथे आणि २०२३ मध्ये दिल्ली येथे ती मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिला या खेळाकडे नेणारे तिचे वडीलच. पोशाखाची अडचण सांगणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. कुलसूम अब्दुल्ला या पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन वेटलिफ्टर. अंग आणि डोके झाकून स्पर्धेत उतरता यावे, अशी मागणी त्यांनी केली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने नियम बदलून पूर्ण अंगभर पोशाखाला परवानगी दिली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये इजिप्तच्या सारा अहमदने डोके झाकूनच कांस्यपदक मिळवले. तेव्हा पोशाख हे मुलीला घरी बसवण्याचे कारण होऊ शकत नाही.

सर्वांनी पदके मिळवावीत असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलीला फक्त निरोगी राहायचे आहे तिने काय निवडावे? आज मोबाईल उघडला की शंभर कार्यक्रम समोर येतात. त्यांतला कोणताही निवडण्यापूर्वी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा माझ्या आठवड्यात बसतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम करावा. शाळकरी वयात स्नायू आणि हाडे बळकट करणारे खेळ-व्यायाम किमान तीन दिवस असावेत. जो कार्यक्रम सहा दिवस, रोज दीड तास मागतो, तो डोळखांब किंवा टोकावड्याहून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलीसाठी नाही. दोन दिवस, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, मध्ये किमान एक दिवस मोकळा, एवढे पुरते. वर्षभर टिकणारा साधा कार्यक्रम महिन्यात सुटणाऱ्या भारी कार्यक्रमापेक्षा केव्हाही बरा.

दुसरा प्रश्न : यात सर्व अंगाला काम आहे का? बसून उठणे, वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि ओझे घेऊन चालणे, या पाच हालचाली त्यात हव्यात. नुसते पोटाचे व्यायाम देऊन पोट कमी करण्याचे आश्वासन देणारा कार्यक्रम सोडून द्यावा. एकाच जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने उतरत नाही.

तिसरा प्रश्न : वजन क्रमाने वाढते का? 'खास बायकांसाठी' म्हणून अर्ध्या किलोची डंबेल्स वर्षभर हलवायला लावणारे वर्ग असतात. ज्या हाताने आपण १५ किलोचा हंडा उचलतो, त्याला अर्ध्या किलोने काय होणार? उलट पहिल्याच दिवशी भावाचे वजन उचलायला जाणेही घातक. स्त्रीच्या हालचाली पुरुषापेक्षा वेगळ्या नसतात. सुरुवातीचे वजन तिच्या ताकदीप्रमाणे असावे, इतकेच.

चौथा प्रश्न : शिकवणारा कोण, आणि जागा कशी? तो वजन वाढवण्यापूर्वी उचलण्याची पद्धत तपासतो का? दुखले तर थांबवतो का? स्त्री शिक्षिका किंवा स्त्रियांसाठी वेगळी वेळ आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. पंधरा दिवसांत दहा किलो उतरवण्याची हमी देणाऱ्या किंवा पहिल्याच भेटीत पावडरचा डबा विकणाऱ्या माणसापासून दूर राहावे.

पाचवा प्रश्न : माझा हेतू काय? एखाद्या मुलीला पोलीस भरतीत उतरायचे असेल तर अलीकडच्या शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ४ किलोचा गोळाफेक अशी मैदानी चाचणी राहिली आहे. तिच्या सरावात धावणे आणि फेकणे यायलाच हवे. मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त आठ तास उभ्याने काम करणाऱ्या भगिनीला पाय, पाठ आणि पुरेशी विश्रांती महत्त्वाची. पन्नाशीच्या खालाजानला हातात पिशवी घेऊन न अडखळता जिना चढता आला, म्हणजे तिचा हेतू साधला.

या कसोट्यांवर उतरणारा एक साधा कार्यक्रम सांगतो. साधन म्हणून तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घ्यावेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे तराजूची गरज नाही. रविवार आणि बुधवार ठरवावे. पाच मिनिटे चालून अंग गरम करावे. मग स्टुलावर बसून उठणे. जमू लागल्यावर कॅन छातीशी धरून. दुसरे, पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकणे आणि जमिनीवरचे कॅन उचलणे. तिसरे, भिंतीला हात टेकून जोर. पुढे बाकाला, त्यानंतर जमिनीवर. चौथे, एक हात बाकावर टेकून दुसऱ्या हाताने कॅन कुशीपर्यंत ओढणे, दोन्ही बाजूंनी. शेवटी दोन हातांत दोन कॅन घेऊन ताठ चालणे. चालणे सोडून प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, मध्ये दम घेऊन दोनदा. बारा वेळा सहज होऊ लागले की एक लिटर पाणी वाढवावे. उचलताना श्वास सोडावा, कोंडू नये. दोन दिवस अंग आंबणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ आली तर मात्र थांबावे. तारीख, वजन आणि आकडा वहीत लिहावा. रमजानमध्ये वजन कमी करून इफ्तारनंतर थोडा व्यायाम केला तरी चालेल.

आता सर्वांत महत्त्वाचे, अन्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक! शरीरात रक्त नसताना वजन वाढवणे म्हणजे पाण्याविना शेत नांगरणे. सतत धाप, चक्कर किंवा थकवा असेल तर आधी शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे आरोग्य केंद्र येथे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी खिडकीबाहेर टाकू नये. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, लिंबू जरूर घ्यावे. प्रथिनांची गरज वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या स्त्रीला ४० ग्रॅमच्या वर. अंडे, सुकट, डाळ, कुळीथ, वाल, शेंगदाणे यांतून ते मिळते. नाचणीची भाकरी कॅल्शियम देते. महाग डब्यांची गरज नाही.

गरज आहे ती ताटातील वाट्याची. पुष्कळ घरांत स्त्री सर्वांत शेवटी जेवते आणि पातेल्यात उरेल ते खाते. मुलाला अंडे आणि मुलीला रस्सा, ही वाटणी आपल्याही घरांत होते. अशा घरात कोणताही कार्यक्रम निवडला तरी तो फुकट जाईल. म्हणून पालकांना माझी विनंती आहे. फी भरण्यापूर्वी मुलीला तीन गोष्टी द्या : आठवड्यातून दोनदा पाऊण तास, ज्यात तिला कोणी भांडी घासायला हाक मारणार नाही, भावाइतकाच खाण्याचा वाटा, आणि "हे तुझ्यासाठी आहे" असा तुमचा होकार.

संस्थेलाही एक सुचवतो. रविवारी सकाळी शाळेचा एक वर्ग रिकामाच असतो. तो दोन तास मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी उघडावा, एखाद्या जाणकार भगिनीला शिकवायला बोलवावे. कॅन प्रत्येकीने घरून आणावेत, पाणी शाळेच्या नळाचे. खर्च जवळजवळ नाही.

मुलींनो, तुम्हाला सांगायचे ते थोडेच. उद्या नवी वही काढा. पहिल्या पानावर आज किती किलो उचलले ते लिहा, आकडा लहान असला तरी लाजू नका. पुढच्या वर्षी याच मेळाव्यात ती वही मला दाखवा.