एकशे अकरा दिवसांची धाव

(वार्षिक बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे मनापासून अभिनंदन. मी मात्र आपल्याला अशा एका धावेची हकीकत सांगणार आहे, जिच्या शेवटी कप नव्हता आणि पहिला-दुसरा क्रमांकही नव्हता.

मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटरांची धाव, हे आपणास ठाऊक आहे. त्याहून लांब धावेला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. मोरोक्कोच्या वाळवंटात 1986 पासून अशी एक शर्यत भरत आली आहे. सुमारे 250 किलोमीटर अंतर टप्प्याटप्प्याने कापायचे, आपले अन्न आणि अंथरूण आपल्याच पाठीवर वाहायचे, आणि पूर्वी पाणी मिळे तेही मोजून. तेथे जाणारे पुष्कळ लोक निघण्यापूर्वी आप्तेष्टांना सांगतात, "मी हे अंतर पुरे करतो, तुम्ही अमक्या इस्पितळाला किंवा शाळेला मदत करा." कष्ट आपले आणि लाभ दुसऱ्याचा, असा हा सौदा आहे.

या सौद्याचे एक मोठे उदाहरण 2006 साली घडले. अमेरिकेचा चार्ली एंगल, कॅनडाचा रे झहाब आणि तैवानचा केव्हिन लिन या तिघांनी सारा सहारा धावत ओलांडायचे ठरविले. 2 नोव्हेंबर 2006 रोजी ते सेनेगालच्या अटलांटिक किनाऱ्यावरून निघाले. मॉरिटानिया, माली, नायजर, लिबिया आणि इजिप्त पार करून 20 फेब्रुवारी 2007 रोजी ते तांबड्या समुद्राशी पोहोचले. दिवस 111, अंतर सुमारे 6,900 किलोमीटर, आणि मध्ये विश्रांतीचा एकही दिवस नाही. म्हणजे रोज साठ किलोमीटरांहून अधिक! दिवसा अंग भाजून काढणारे ऊन, रात्री हाडे गोठविणारी थंडी, पायांना फोड, बिघडलेले पोट, डोळ्यांत वाळू. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

विद्यार्थी मित्रांनो, हे तिघे जन्मापासून पोलादाचे होते असे समजू नका. रे झहाब 2000 साल उजाडेपर्यंत रोज सिगारेटी ओढणारा माणूस होता. आणि ते एकट्याच्या बळावरही गेले नाहीत. बरोबर गाड्या होत्या, औषधोपचार करणारी माणसे होती, वाळवंटाची नस जाणणारे तुआरेग वाटाडे होते. धावणारा पुढे दिसतो, पण त्याच्या मागे पाणी घेऊन कोणीतरी उभा असतो. पालकहो, घरात ते काम आपले आहे.

वाटेत त्यांना एक लहान मुलगा उजाड जागी एकटाच बसलेला आढळला. आईबाप कोठे आहेत असे विचारता कळले की ते पाणी आणायला दूर गेले आहेत. ते परत येईपर्यंत पोराने तेथेच थांबायचे! जेथे पाणी दूर असते तेथे ते आणण्याचा भार बहुधा बायकांवर आणि मुलींवर पडतो. हंडा डोक्यावर आला की पाटी हातातून सुटते. म्हणून या धावेचा पैसा आणि तिच्यावरील 'रनिंग द सहारा' हा चित्रपट आफ्रिकेतील पिण्याच्या पाण्याच्या कामासाठी होता.

धाव संपली. पण काम संपले नाही, आणि मला आज सांगायचे आहे ते हेच. या धावेतून उभी राहिलेली 'एच टू ओ आफ्रिका' ही संस्था 2009 साली पाण्याचेच काम करणाऱ्या दुसऱ्या एका जुन्या संस्थेत मिळाली आणि त्यातून 'वॉटर डॉट ऑर्ग' ही संस्था झाली. गरीब कुटुंबांना नळासाठी, शौचालयासाठी लहान कर्ज मिळवून देण्याचे काम ती करते. घेणारा हात कायम पसरलेला राहू नये, हा त्यातील विचार आहे. रे झहाबनेही 2008 साली तरुण मुलांसाठी संस्था काढली. ती मुलांना एक पैसाही न घेता मोहिमांवर नेते आणि त्या मोहिमांतून शाळांचे वर्ग पाण्यासारखे विषय शिकतात.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी पावतीपुस्तक घेऊन शिष्यवृत्ती निधीसाठी घरोघर फिरत होतो. एका वृद्ध खालांनी पदराच्या गाठीतून नोटा काढल्या आणि विचारले, "मास्तर, मागच्या साली ज्या पोरीच्या फीसाठी पैसे नेलेत, ती पुढे शिकली का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की फी भरली गेली होती, पण मुलगी सहामाहीनंतर शाळेत आलीच नव्हती. घरी आई आजारी होती आणि धाकटी भावंडे तिच्याच अंगावर होती. आम्ही वर्गणी गोळा केली, हिशेब चोख ठेवला आणि धाव संपली असे समजून बसलो. त्या मुलीचे साल फुकट गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला विनंती करतो, तीच आज आपल्याला करतो. पैसे द्या आणि प्रश्नही विचारा. पैसा कोठे गेला हे विचारा, आणि मूल कोठे पोहोचले हेही विचारा. आपल्या मोहल्ल्यातील एखादी मुलगी चार दिवस शाळेत दिसली नाही, तर तिच्या दारी जा. त्यासाठी सहारा ओलांडावा लागत नाही, गल्ली ओलांडली तरी पुरे.

आणि मुलांनो, 6,900 किलोमीटर एका दिवसात कोणालाच धावता येत नाही. पुढच्या मुक्कामापर्यंत मात्र धावता येते. आज नापास झालेल्याने एवढेच ध्यानात ठेवावे आणि उद्या सकाळी पुस्तक उघडावे.