भाषेच्या पदवीत बोलीला किती गुण?



अध्यक्षीय भाषणात मराठीच्या भवितव्याची चिंता वाहायची किंवा तिच्या थोरवीचा जागर करायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर जागर पुष्कळ झाला. मी आज त्याहून बराच रुक्ष विषय घेतो आहे. मराठीत एम. ए. आणि पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्याकडून आपण नेमके काय मागतो? श्रेयांक, पात्रता परीक्षा, प्रबंधाचे नियम हे सारे अभ्यासमंडळाच्या बैठकीत चहा येईपर्यंत आटोपते, पण भाषेचा अभ्यासक कसा घडणार हे ठरते तिथेच. या साऱ्या मागण्यांत एक गोष्ट कुठेच नाही. जिवंत माणसाच्या तोंडची भाषा ऐकून ती अचूक उतरवता येते का आणि तिच्याविषयी काही सांगता येते का, हे विद्यार्थ्याला एकदाही करून दाखवावे लागत नाही. ते करून दाखवल्याखेरीज भाषेची उच्च पदवी देऊ नये, असे माझे मत आहे.

सध्याची शिडी कशी आहे ते पाहू. नेट परीक्षेत दोन पेपर, मिळून दीडशे बहुपर्यायी प्रश्न, तीनशे गुण, वेळ तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. जून २०२४ पासून याच परीक्षेचे गुण पीएच. डी. प्रवेशालाही धरले जाऊ लागले. ज्यांना अधिछात्रवृत्ती मिळत नाही त्यांच्यासाठी लेखी परीक्षेचे वजन सत्तर टक्के आणि मुलाखतीचे तीस टक्के. म्हणजे मराठीच्या संशोधनात पाऊल टाकताना उमेदवाराला मराठीत सलग एक परिच्छेदही लिहून दाखवावा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद केली. प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून आणण्याची आणि दोन परिषदांत निबंध वाचण्याची जी अट २०१६ पासून होती, तीही सर्वांसाठी सक्तीची ठेवली नाही. ती अट गेली हे बरेच झाले. तिच्या जिवावर कसली कसली नियतकालिके निघाली, हे या सभागृहाला सांगायला नको. पण गेलेल्या अटीच्या जागी काय आणायचे, याचा विचार भाषेच्या विभागांनी केलेला दिसत नाही. पूर्वअभ्यासाचे किमान बारा श्रेयांक उरले. त्यांत संशोधनाची नीती आणि पद्धती शिकवतात. कान शिकवत नाहीत.

जागा नाही, ही सबब मात्र चालणार नाही. राज्यात २०२३-२४ पासून आलेल्या पदव्युत्तर आराखड्यात दोन वर्षांचे अठ्ठ्याऐंशी श्रेयांक आहेत. त्यांत संशोधनपद्धतीला चार, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रप्रकल्प यांना चार, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांतील संशोधन प्रकल्पाला चार आणि सहा. बेरीज अठरा, म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा. हा हिस्सा विज्ञानशाखेला डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असावा असा संशय येतो, पण त्याचा खरा लाभ भाषेच्या विद्यार्थ्याला होण्यासारखा आहे. तसे होत नाही, कारण क्षेत्र म्हणजे काय हेच आपण ठरवलेले नाही. मग एखाद्या ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर चाळीस पाने लिहायची, बांधून घ्यायची, तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांना उत्तरे द्यायची. विद्यार्थी पाट्या टाकतो, कारण आपण त्याला पाट्याच टाकायला सांगितलेल्या असतात.

आता आपण जिथे बसलो आहोत तिथे पाहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यातली एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची. डहाणू-तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत वारली, शिवाय कोकणा, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा. किनाऱ्यावर मांगेला आणि वैती, बागायतीच्या पट्ट्यात वाडवळी, वसईकडे सामवेदी म्हणजेच कादोडी, डहाणूच्या बाजारात गुजराती. पश्चिम रेल्वेच्या लोकलने दीड-दोन तासांत एवढी भाषिक विविधता ओलांडून जाणारे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बसतात, आणि त्यांना शिकवलेल्या ‘मराठीच्या बोली’ या घटकात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी येते. घराशेजारची येत नाही. घरात जी बोलली जाते ती तर नाहीच नाही.

या भाषांचे जे लेखी वर्णन हाताशी आहे, ते पाहिले तर काम किती उरले आहे ते कळते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यात वारली, वाडवळ, फुडगी, सामवेदी, कातकरी यांचे नमुने आहेत, पण पद्धत अशी की बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या लोकांकडून आपापल्या बोलीत करून घ्यायची. समुद्रावर जाणारा मांगेला किंवा भात लावणारी वारली बाई आपसांत काय बोलते, ते अशा नमुन्यात कसे उतरणार? डॉ. अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारलीचा स्वतंत्र अभ्यास केला, तो आजही आधाराचा आहे. १९४५ मध्ये के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे पुस्तक आले, पण त्याचा विषय समाज आणि चालीरीती हा होता. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने या भाषांची दखल घेतली, ती दखलीच्या मापाचीच असू शकत होती. आणि मूलभूत प्रश्न अजून तसाच पडून आहे. ग्रिअर्सन वारलीला मराठीच्या खंडात घालतात. जनगणना तिला भिली गटात मोजते. दोन्ही ठिकाणी ती एकाच वेळी कशी बसेल? विद्यापीठापासून लोकलच्या अंतरावर असा प्रश्न पडलेला असताना प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणणाऱ्या मार्गदर्शकांचे मला नवल वाटते.

जुने जपून ठेवणे एवढ्यासाठीच हे करायचे, असेही नाही. बोईसर-तारापूरकडे वळा. अणुवीजकेंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले आणि देशभरातून कर्मचारी इथे आले. पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली, रसायनांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले, त्यांच्या पाठोपाठ उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालमधून कामगार आले. पाळीवर जाणारा वारली तरुण, त्याचा भोजपुरी बोलणारा सहकारी आणि दोघांवर देखरेख करणारा मराठी पर्यवेक्षक यांच्यात दिवसभर जी भाषा चालते, तिचे व्याकरण काय आहे? अणुवीजकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेल्या पिढीची बोली आजोबांच्या बोलीपासून किती दूर गेली? वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. बंदराविषयी कोणाचे मत काहीही असो, मच्छीमार गावांच्या जगण्यात पालट होणार हे दोन्ही बाजू मानतात. तो होण्याआधीची नोंद नंतर कोणाला करता येणार नाही. शहरी आणि औद्योगिक भाषासंपर्काचे असे आयते क्षेत्र जगातल्या कितीतरी भाषाविभागांना मिळत नाही.

पहिला आक्षेप साहित्याच्या अभ्यासकांकडून येईल. आम्हाला मर्ढेकर वाचायचे आहेत, आम्ही कातकऱ्यांच्या वस्तीवर का जावे? साहित्याचे प्रबंध बंद करा असे मी म्हणत नाही. माझी मागणी पायरीपुरती आहे. एम. ए. च्या अठरा श्रेयांकांपैकी चार श्रेयांकांत प्रत्येकाने तासाभराचे ध्वनिमुद्रण करावे, ते ध्वनिलिपीत उतरवावे, शब्दशः आणि मुक्त असा अर्थ द्यावा, टिपा लिहाव्यात. संपूर्ण प्रबंध या कामाचा करायचा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. शिवाय कवितेच्या लयीविषयी पानेच्या पाने लिहिणाऱ्याला बोलण्यातला आघात आणि विराम टिपता येऊ नये, यात साहित्याचा तरी कोणता मान राहतो? पालघरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आणि कीर्तनकारही. त्यांची विद्वत्ता श्रोत्यांसमोरही उभी राहत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बहुपर्यायी परीक्षेत माणूस पाहून गुण देता येत नाहीत. मुलाखत आणि क्षेत्रकाम यांत वशिल्याला वाव. हे खरे आहे, आणि ज्यांच्या आधीच्या पिढीला विद्यापीठाची पायरी ठाऊक नव्हती त्यांनी या परीक्षेवर भरवसा ठेवला तर ते चुकत नाहीत. म्हणून नेट काढा असे मी सुचवत नाही. पण मुद्रणासह उतरवलेला मजकूर तपासणे हे निबंध तपासण्यापेक्षा कमी मर्जीचे काम आहे: मुद्रण लावा, लिहिलेले पाहा, जुळते का ते ठरवा. उचलेगिरीवर २०१८ च्या नियमांनी टक्केवारीची गाळणी लावली आहे. मोखाड्यातल्या म्हाताऱ्याची स्वतः टिपलेली गोष्ट त्या गाळणीला काही कामच ठेवत नाही. परीक्षक मिळणार नाहीत, या तक्रारीतही फारसा दम नाही. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञान विभाग आहे.

बोलीचे व्याकरण, कोश, कथासंग्रह म्हणजे सामग्री, प्रबंध नव्हे, असेही म्हणतील. रॉबर्ट डिक्सन यांना लंडन विद्यापीठाने १९६८ मध्ये पीएच. डी. दिली ती ऑस्ट्रेलियातील जिर्बल भाषेच्या वर्णनावर, आणि त्या कामावर पुढे सिद्धान्तांची मोठी चर्चा उभी राहिली. व्याकरण लिहिताना पानापानावर निर्णय घ्यावे लागतात. कित्येक विवेचक प्रबंधांत तेवढे सापडत नाहीत.

उरतो तो प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. भाषा ज्यांची, ते यात कुठे आहेत? बाहेरचा विद्यार्थी येतो, गाणी मुद्रित करून नेतो, पदवी घेतो, गावाला परत काही येत नाही, हा अनुभव आदिवासी पाड्यांना नवा नाही. म्हणून अट अशी हवी की बोलणाऱ्याची संमती त्याच्या भाषेत, मुद्रणातच घ्यावी, प्रत गावच्या शाळेत द्यावी, आणि कोणते मुद्रण खुले ठेवायचे हे त्यानेच सांगावे. देवाधर्माची गाणी प्रत्येकाने ऐकावीत असे नसते. वारली किंवा कोकणा घरातला विद्यार्थी स्वतःच्या भाषेवर काम करणार असेल, तर त्याच्या मार्गदर्शकाला ती भाषा येत नसणार, हे उघड आहे. अशा वेळी भाषा जाणणाऱ्या गावातल्या व्यक्तीला सहपरीक्षक म्हणून बसवायला हवे, तिच्याकडे पदवी असो वा नसो. पदवी नसलेल्या माणसाला मानधनाचे देयक कोणत्या शीर्षाखाली द्यायचे यावर कार्यालयाचे घोडे अडेल. ते आधी सोडवू. पुढच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत तिसऱ्या सत्राच्या चार श्रेयांकांचा मसुदा ठेवायला पालघर, डहाणू आणि वसईच्या मराठी विभागांना नव्या शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.