कॅमिलाची बाजू



मंदीचा काळ, शहर लॉस एंजेलिस. आर्तुरो बांदिनी नावाचा एक होतकरू लेखक खिशातल्या शेवटच्या नाण्यावर कॉफी मागवतो. ती आणून देते कॅमिला लोपेझ, मेक्सिकन मुलगी. कॉफी बेचव निघते. पण बांदिनीचा राग कॉफीपाशी थांबत नाही, तो तिच्या फाटक्या चपलांवर घसरतो. हा इटालियन आईबापांचा मुलगा. कोलोरॅडोत त्याला पोरांनी जातकुळीवरून हिणवलेलं. तेच हिणवणं तो हिच्या पदरात टाकतो! जॉन फँटे यांच्या 1939 सालच्या ‘आस्क द डस्ट’ या कादंबरीतलं प्रेम असं अपमानातून सुरू होतं आणि धडपणे फुलतही नाही. 2006 साली रॉबर्ट टाऊन यांनी त्यावर चित्रपट केला. सलमा हायेक कॅमिला झाली. मला मात्र कादंबरीच बोचरी आणि खरी वाटते.

मध्येच 1933 चा लाँग बीचचा भूकंप येतो. बांदिनीला वाटतं, आपल्याच पापाचा हा दंड. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट पाहिलेल्या लातूरकराला ती पानं भराभर उलटता यायची नाहीत. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली. लाँग बीचला शाळा कोसळल्या, तेव्हा कॅलिफोर्नियाने महिनाभरात शाळांच्या बांधकामाचा कायदा केला. पापाचा हिशेब कादंबरीतच राहिला, हे बरं झालं.

माझी तक्रार वेगळीच आहे. कादंबरी सगळी बांदिनीच्या तोंडची. कॅमिला रडते, चिडते, दुसऱ्याच्या मागे धावते. पण तिच्या मनातलं आपल्याला कळतं ते याच्या मर्जीने.

आपल्याकडे पाहा. कवी नारायण सुर्वे हे मुंबईत स्वतःच हॉटेलात पोऱ्या होते. सापडलेलं मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेलं. पुढे गिरणी, मग शाळेत शिपाई, मग मास्तर. कपबशा उचलणारा आणि कविता लिहिणारा हात एकच. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह आला 1962 साली. 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते आपल्या मराठवाड्यात आले होते. कृष्णाबाईंशी त्यांचं लग्न प्रेमाचं, आणि संसार हातातोंडाची गाठ घालत केलेला. पण इथे बाईने आपली बाजू कवीवर सोडली नाही. ‘मास्तरांची सावली’ हे कृष्णाबाईंचं स्वतःचं आत्मकथन आहे. कवीचं घर चालतं कसं, हे कवीच्या बायकोकडून ऐकण्यात निराळीच गंमत असते, आणि थोडी भीतीही!

तेव्हा वाचनालयात गेलात तर आधी कृष्णाबाईंचं पुस्तक न्या, फँटे नंतर. बांदिनीचं प्रेम त्यामुळे खोटं ठरत नाही. फक्त कॅमिलाला त्याने कुठे कुठे बोलू दिलं नाही, ते लक्षात येत जातं.