हुंडा म्हणजे वाटा नव्हे

सातारा-सांगलीकडील शेतकरी घरांत वडील वारले की दिवसकार्ये उरकताच वारसनोंदीचा प्रश्न निघतो आणि पाठोपाठ बहिणींच्या हक्कसोडपत्राचा. ‘तुझ्या लग्नात हुंडा दिला, तोच तुझा वाटा,’ हा भावांचा युक्तिवाद असतो. तो अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरतो काय?

प्राचीन अथेन्समध्येही भाऊ असलेल्या मुलीला वारसा नव्हता, हुंडा होता. भाऊ नसल्यास इस्टेट तिच्यामार्फत तिच्या मुलांकडे जाई. परंतु बापाच्या निकटच्या नातलगास तिच्याशी विवाहाचा हक्क सांगता येई. घराण्याची जमीन घराण्यातच राहावी, एवढाच त्यातील हेतू. तथापि विवाह मोडल्यास हुंडा तिच्या माहेरी परत करावा लागे. न केल्यास सालीना १८ टक्के व्याज. क्रीट बेटावरील गॉर्टिनचा कायदा तर मुलास दोन भाग आणि मुलीस एक भाग देत असे. (शहरातील घर आणि गुरे मात्र मुलांची!) गुलामांच्या श्रमांवर पोसलेल्या त्या समाजातही हुंडा स्त्रीच्या निर्वाहाशी बांधलेला होता. आपल्याकडे तो सासरी जिरतो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने तो गुन्हा ठरविला आणि दिला गेलाच तर वधूच्या स्वाधीन करावा असे कलमही घातले. ते लग्नमंडपात कोणी वाचून दाखवीत नाही. भाऊ ज्याला वाटा म्हणतो, तो बहिणीच्या हाती कधी पडलेलाच नसतो.

१९५६ च्या वारसा कायद्याने मिताक्षरेचे एकत्र कुटुंब कायम ठेवले. विधुर बाप, दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलोपार्जित नऊ एकर जमीन, असे घर घ्या. बापाच्या पश्चात मुलग्यांना चार-चार एकर आणि मुलीस एक! महाराष्ट्राने १९९४ साली मुलीस जन्मसिद्ध हिस्सा दिला, पण तत्पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद मिटविला. बाप तेव्हा हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. आता तिघांना तीन-तीन एकर.

मग बहीण सही का करते? नवऱ्याने टाकले तर माहेरावाचून आसरा नाही, हे ती जाणते. तीन एकर देऊन ती माहेर राखते; हा एक प्रकारचा विम्याचा हप्ताच, आणि तोही अतिशय महागडा. उद्या खरोखरच परतावे लागले, तर ती येते ती हिस्सेदार म्हणून नव्हे, भावजयीच्या मर्जीवर.

याच मुलखात प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव न्यायनिवाडे केले, अल्पखर्चाचे गांधीविवाह लावले. लग्नाच्या खर्चाला हात घालण्याचे धैर्य तेव्हा होते. जमिनीत मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा मात्र तेव्हा कायद्यातच नव्हता. आज तो आहे. वारसाने तलाठ्याकडे तीन महिन्यांत वर्दी द्यावयाची असते आणि त्यास भावाची संमती लागत नाही. कार्यकर्त्यांनी ही माहिती गावातील बहिणींपर्यंत न्यावी. तत्पूर्वी आपल्या घरचा सातबारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत तेवढे पाहावे.